टूथपेस्ट स्वस्त झाली. पण मुलांच्या दातांचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, दंतमंजनावरचा १२ वरून ५ वर. बातमी चांगलीच आहे. पण त्याच दिवशी बिस्किटे, केक आणि चॉकलेटवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. दात राखणारी वस्तू आणि दात किडवणारी वस्तू, दोन्ही एकाच यादीत बसल्या. गोड शीतपेयांवर ४० टक्के कर आहे, हे खरे. परंतु तीन वर्षांच्या मुलाचे दात बहुतेकदा शीतपेयाने किडत नाहीत. ते चहात बुडवलेल्या बिस्किटाने, दिवसभर चघळलेल्या गोळीने आणि रात्री तोंडात राहिलेल्या गोड दुधाच्या बाटलीने किडतात.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरातील सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्याकडे २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये कीड आढळली होती. तेव्हापासून पाकीटबंद खाऊ वाडीवस्तीवरच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे.

‘पडणारच आहेत की!’

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य रोज ऐकू येते. दुधाचे दात पडणार हे खरे, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने त्या मुलाने पुढची सहा-सात वर्षे जेवायचे असते. दाढ दुखते म्हणून मूल भाकरी टाळते, एका बाजूनेच चावते, मऊ आणि गोड तेवढेच खाते. मग वजन वाढत नाही आणि घरचे टॉनिक मागायला येतात. मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर सगळे मोजले जाते, तोंड मात्र कोणी उघडून पाहत नाही.

किडीचा संसर्ग मुळापर्यंत गेला की गाल सुजतो, ताप चढतो, कधी सूज डोळ्यापर्यंत जाते आणि मुलाला दाखल करावे लागते. ज्यांच्या हृदयात जन्मतः दोष आहे किंवा संधिवाताच्या तापाने झडपा खराब झाल्या आहेत, अशा मुलांत तोंडातले जंतू रक्तावाटे हृदयाच्या झडपेवर जाऊन बसू शकतात. म्हणून त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याआधी दात तपासून घेतले जातात.

कीड कशी लागते

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. खाल्ल्यानंतर साधारण अर्धा तास हे चालते. मग लाळ आम्ल धुऊन काढते आणि कवचाची थोडी दुरुस्तीही करते. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेला एक लाडू दातांना जेवढा बाधत नाही, तेवढ्या दिवसभरात आठ वेळा दिलेल्या गोळ्या आणि बिस्किटे बाधतात. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीची बाटली सर्वांत वाईट. झोपताना दिलेले गोड औषधही त्याच माळेतले. ते दिल्यावर दात पुसावेत किंवा चूळ भरायला लावावी.

कीड पहिल्यांदा काळी दिसत नाही. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ दिसते. या टप्प्यावर ती थांबवता येते. महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा.

घरी काय करावे

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. त्या दिवसापासून तो स्वच्छ करायचा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत मटाराच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. दिवसातून दोनदा घासायचे आणि रात्रीचे घासणे चुकवायचे नाही. ब्रश मुलाच्या हाती जरूर द्या, पण सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा. घासून झाल्यावर पेस्ट थुंकायला शिकवा. खळखळून चुळा भरल्या तर फ्लोराइडही वाहून जाते.

आपल्या कायद्यानुसार पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये आणि प्रमाण ट्यूबवर छापलेले असावे लागते. किडीपासून संरक्षणासाठी किमान १००० लागते. ‘मुलांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी किंवा अजिबात नसते, तेव्हा चित्र न पाहता आकडा पाहा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत मात्र भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी पिण्याच्या पाण्याचा अहवाल पाहून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी दोन गोष्टी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे एक दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. ती कायमची असते, गेली की गेली. दुसरी गोष्ट मिश्रीची. तंबाखूयुक्त पेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी भाजलेली मिश्री चालूच आहे. आजीच्या बोटाकडे पाहून नातवंड तेच शिकते.

सरकारने काय करावे

मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. पाऊल योग्य आहे, पण निम्मी कीड शाळेच्या आधीच लागलेली असते. खरी जागा अंगणवाडी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि दातांचे विकार त्यांच्या यादीत आहेत. अडते ते पुढे. कार्डावर ‘दंतक्षय’ लिहिले जाते, पण उपचारासाठी रोजंदारी बुडवून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. दात तर दुधाचे, मग कोण जातो?

यावर साधा उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव किडलेल्या भागावर लावले की कीड बहुतेकदा थांबते. ड्रिल नको, इंजेक्शन नको. किडलेला भाग काळा पडतो एवढेच, आणि ते पालकांना आधी सांगायला हवे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते, फ्लोराइड पेस्ट आणि खड्डा भरण्याचे ग्लास आयनोमर सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. ही सामग्री ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचायला हवी.

स्कॉटलंडमध्ये बालवाडीतच मुलांकडून रोज देखरेखीखाली दात घासून घेतले जातात. तिथल्या मुलांची कीड घटली आणि उपचारांवरचा खर्चही वाचला. इंग्लंडनेही २०२५ मध्ये गरीब वस्त्यांतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असाच कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. तिथे मूल रोज येते, जेवते. जेवणानंतर दोन मिनिटे ब्रश करायला प्रत्येकी एक ब्रश, थोडी पेस्ट आणि नळाला पाणी लागेल. मात्र नोंदवह्या आणि ॲपच्या भाराखाली दबलेल्या सेविकांवर हे काम फुकट लादू नये. आधी काही तालुक्यांत, मोबदल्यासह करून पाहावे.

करकपातीतून वाचलेल्या चार-दोन रुपयांवर हा प्रश्न सुटणार नाही; दात कोरून पोट भरत नाही. अंगणवाडीत पुढची तपासणी होईल तेव्हा वजनाबरोबर दातही पाहायला सांगा. कार्डावर ‘दंतक्षय’ लिहिले, तर उपचार कुठे आणि कोणत्या वारी मिळेल, हे तिथेच विचारा.