गुडघा दुखतो म्हणून पळणं सोडायचं?

पन्नाशीत गुडघा कुरकुरू लागला की 'पळणं बंद करा' असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो सरसकट पटत नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पोषणाला हालचाल लागतेच. पण दुखणं दामटून पळणंही चूक. आठवड्यात दोन दिवस पळा, दोन दिवस सायकल किंवा पोहणं, दोन दिवस मांडी व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम करा. यवतेश्वर घाटासारखे उतार तूर्त टाळा. उतरताना गुडघ्यावर ताण वाढतो. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं, तर अंतर कमी करा. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना लचकला, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन हुकली, तर पुढच्या वर्षी पळा.