एका दाताची किंमत

पुढचं स्प्रॉकेट एका दाताने कमी केलं की गाडीची ताकद वाढते, असं आपल्याकडे गॅरेजवाल्यापासून कॉलेजकुमारापर्यंत सगळेच छातीठोकपणे सांगतात. मंडळी, ताकद वाढत नाही. इंजिन तेच, पेट्रोल तेच, मग ताकद येणार कुठून? बदलतो तो फक्त हिशोब.

समजा पुढे १५ दाते आहेत आणि मागे ४५. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा फिरणार. पुढे १४ केले की तीनाचे ३.२१ होतात. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर साधारण ७ टक्क्यांनी वाढतो, पण तेवढ्याच वेगासाठी इंजिनालाही ७ टक्के जास्त फेरे मारावे लागतात. आधी मिनिटाला ५००० मारत असेल तर आता जवळजवळ ५३६०. सायकलवर चढाला हलका गिअर टाकला म्हणून पायांत बळ येत नाही ना, तसंच हे.

मग ते करूच नये का? खुशाल करावं! डबल सीट आणि वर सामान घेऊन रोज घाट चढणाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो. फक्त किंमत माहीत हवी. हायवेवर ॲव्हरेज घटतं, इंजिनाची थरथर वाढते. शिवाय चेन स्प्रॉकेटवरून गोल नाही, बहुकोनासारखी फिरते. १७ दात्यांवर तिच्या वेगात दर दाताला सुमारे १.७ टक्के चढउतार होतो, १४ वर २.५ टक्के. चेन लवकर झिजते ती अशी.

खरी गोची उलट बदलात आहे. ॲव्हरेजसाठी कुणी पुढे १५ चे १६ केले, आणि गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असला, तर काटा ६० दाखवताना गाडी ६४ ने पळत असते. (पुढच्या चाकावरून केबल असेल तर हा घोळ होत नाही.) किलोमीटरही कमीच मोजले जातात. ज्याने बदल केला त्याला हे कदाचित ठाऊक असेल. पण दोन वर्षांनी तीच गाडी सेकंडहँड घेणाऱ्याला कोण सांगणार?

मी राहतो त्या जर्मनीत मंजूर गुणोत्तराबाहेरचं स्प्रॉकेट बसवलं तर तपासनीसाला गाडी दाखवून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. एका दातासाठी एवढे कागदी घोडे? नवीन आलेला भारतीय हमखास हसतो. पण माझ्या मते त्या नोंदीचा खरा फायदा पुढच्या मालकाला होतो. आपल्या गाडीत आपण काय बदललं हे त्याला कळण्याचा तो हक्क आहे.

आपल्याकडे यासाठी आणखी एक सरकारी खिडकी उघडावी असं मी मुळीच म्हणणार नाही. बदल केलात तर सर्व्हिस बुकात एक ओळ लिहून ठेवा : तारीख, किलोमीटर, पुढे-मागे किती दाते. आणि जुनी गाडी घेताना रंग, टायर बघता तसे दातेही मोजा. मागचे बऱ्याच गाड्यांत उघड्यावरच असतात, पुढच्यासाठी एक झाकण काढावं लागेल. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मेकॅनिक कुरकुरला तरी करून घ्या.