उघडली खरी, पण कुठली?



मागच्या लेखानंतर शहापुरातल्या एका वहिनींचा निरोप आला. ‘भाऊजी, आमचा मुलगा डिप्लोमाला आहे. कॅडच्या क्लासला जातो, तिथं सगळं जमतं म्हणतो. घरच्या लॅपटॉपवर फाइल आणली की उघडत नाही, आणि राग आमच्यावर निघतो. यावर लिहा काहीतरी.’ वहिनी, तुमचा मुलगा एकटा नाही. ज्यांचं पोट या फाइलींवर चालतं, त्यांच्याकडेही हेच होतं, आणि तिथं नुसत्या रागावर भागत नाही.

ज्यांच्या घरात इंजिनिअर नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच सांगतो, की कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं साधन. मी स्वतः बोर्डावरचा माणूस. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, चूक झाली की ब्लेडनं हलकंच खरवडायचं. अमोनिया प्रिंटच्या खोलीतून बाहेर आलं की डोळे चुरचुरायचे. पण एक गोष्ट तेव्हा सोपी होती. मूळ ट्रेसिंग एकच असायचं आणि ते कपाटातल्या खणात असायचं. ड्रॉइंग बदललं की शॉपमधल्या जुन्या प्रिंट परत मागवून त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, नव्या द्यायच्या आणि रजिस्टरमध्ये सही घ्यायची. हे काम मला फार कंटाळवाणं वाटायचं. त्या रजिस्टरची किंमत मला मागच्या पावसाळ्यात कळली.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं उद्यमबागेत छोटं मशिन शॉप टाकलंय. दोन लेथ, एक मिलिंग, आणि कर्ज. कास्टिंग एका फाउंड्रीतून करून घेतो, मशिनिंग स्वतः करतो. एका शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप काखेत मारून आला आणि पायरीवरच बसला.

‘काका, बारा कास्टिंग गेली.’

‘गेली म्हणजे? ब्लो होल?’

‘नाही हो. कास्टिंग चांगली आहेत. ड्रॉइंगच जुनं होतं.’

झालं होतं असं. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकानं पंपाच्या बॉडीची चौकशी केली तेव्हा मेलवर एक फाइल पाठवली होती. यानं ती उघडून भाव दिला. तीन महिन्यांनी ऑर्डर आली, सोबत पुन्हा फाइल, तीही त्याच नावाची. एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल उतरवली की संगणक स्वतःच नावापुढे कंसात १ लावतो, हे तुम्ही फोटोंच्या बाबतीतही पाहिलं असेल. पोरानं कंसातल्या १ वाली उघडायला घेतली तर संदेश आला, की ही फाइल नव्या आवृत्तीत केलेली आहे, उघडता येत नाही. मग त्यानं बिनकंसाची उघडली. ती लगेच उघडली. नाव तेच, चित्रही तेच. त्याला वाटलं, एकच फाइल दोनदा आली असेल, एक खराब निघाली.

प्रिंट काढून त्यानं पॅटर्नवाल्या मामांना दिली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न विचारला होता, ‘रिव्हिजन कुठली रे ही?’ यानं ‘शेवटचीच’ म्हणून सांगितलं.

मधल्या काळात गिऱ्हाइकानं फ्लँजची जाडी १८ वरून २२ मिलिमीटर केली होती. मामांनी १८ ला मशिनिंगचे ३ धरून पॅटर्न केला, वर बिडासाठी मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसणीही बरोबर धरली. त्यांचं काम चोख होतं. फ्लँज आला २१ चा. त्यातून २२ कसं काढणार? लेथवर धातू काढता येतो, लावता येत नाही. बारा बॉड्या पुन्हा भट्टीत गेल्या. लोखंड वाया जात नाही म्हणतात, पण ओतकाम, मोल्डिंगची मजुरी, मामांचे पाच दिवस आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख भट्टीतून परत येत नाही.

त्या रात्री आम्ही दोघं अकरापर्यंत बसलो.

तर आता फाइल उघडत का नाही, ते पाहू. ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आलं. त्याच्या फाइलीला डीडब्ल्यूजी म्हणतात. नाव इतक्या वर्षांत तेच राहिलं, आतली मांडणी मात्र काही वर्षांनी बदलत गेली. नवं सॉफ्टवेअर जुनी फाइल वाचतं, जुनं सॉफ्टवेअर नवी फाइल वाचत नाही. आजोबांची मोडी नातवाला शिकवली तर तो वाचेल, पण नातवाच्या मोबाइलवरची खुणांची भाषा आजोबांना कोण शिकवणार? पोराकडे होतं २०१४ चं ऑटोकॅड. ते २०१३ च्या मांडणीपर्यंत वाचतं. दुसरी फाइल होती २०१८ च्या मांडणीतली.

हे ओळखायची एक साधी युक्ती आहे, आणि वहिनी, ही तुमच्या मुलाला जरूर दाखवा. फाइलीची एक प्रत काढायची आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०१५ असेल तर २००० ची मांडणी, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०३२ म्हणजे २०१८. बघून झालं की काहीही सेव्ह न करता बंद करायचं. फाइल खराब आहे की नुसती नवी आहे, हे अर्ध्या मिनिटात कळतं. आम्ही पाहिलं तर एसी१०३२. म्हणजे फाइल ठणठणीत होती.

मग उपाय दोन. पाठवणाऱ्याला सांगायचं, ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन जुन्या मांडणीत पाठवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आपली पोरं गिऱ्हाइकाला फोन करायला कचरतात, आपलं सॉफ्टवेअर जुनं आहे हे दिसेल म्हणून. माझ्या मते खरी चूक इथंच झाली होती. दुसरा उपाय म्हणजे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू. हे फुकट मिळतं, नव्या फाइली दाखवतं आणि जुन्या मांडणीत बदलूनही देतं.

वहिनींचा मुलगा क्लासमध्ये नव्या आवृत्तीवर काम करत असेल आणि घरी जुनी असेल, तर क्लासमधून निघतानाच त्यानं जुन्या मांडणीत सेव्ह करावं. ऑप्शन्समध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ म्हणून भाग असतो. तिथं एकदा ठरवून ठेवलं की दरवेळी आठवण ठेवावी लागत नाही. क्लासचा संगणक असल्यानं आधी सरांना विचारावं, एवढंच.

आता फाइल उघडण्याच्या आधीची पायरी, म्हणजे नवी फाइल करणं. ‘न्यू’ दाबलं की सॉफ्टवेअर टेम्प्लेट विचारतं. बहुतेक पोरं समोर येईल त्यावर एंटर मारतात. ऑटोकॅडबरोबर दोन नेहमीची टेम्प्लेटं येतात. ‘एकॅड’ नावाचं इंचासाठी आणि ‘एकॅड-आयएसओ’ मिलिमीटरसाठी. बोर्डावर आम्ही आधी स्केल ठरवायचो, एकास दोन की एकास पाच. कॅडमध्ये वस्तू खऱ्या मापातच काढतात, स्केलचा विचार प्रिंट काढताना. त्यामुळे पोरांना वाटतं, माप टाकलं की झालं. पण ६०० टाकलं ते ६०० काय?

आपल्याकडे तर हा घोळ रक्तातच आहे. सुतार सुतात बोलतो, आठ सुतांचा एक इंच. गवंडी फुटात बोलतो. लेथवाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एकाच घराच्या ग्रिलला तिघांचे हात लागतात. याच पोराच्या एका मित्रानं ६०० मिलिमीटरची जाळी इंचाच्या टेम्प्लेटमध्ये काढून लेझर कटिंगला पाठवली. तिकडच्या ऑपरेटरनं ती इंच समजून घेतली आणि विचारलं, ‘दादा, पंधरा मीटरची जाळी कुठं बसवायची?’ सहाशे इंच म्हणजे १५ हजार २४० मिलिमीटर. हसून विषय संपला, कारण आकडा एवढा अचाट होता की चूक लगेच दिसली. लहान भागात दिसली नसती.

लेझरवाले बहुधा डीएक्सएफ फाइल मागतात. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असली तर नोटपॅडमध्ये चक्क वाचता येते. त्यात वरच्या भागात ‘इनस्युनिट्स’ असा शब्द शोधायचा. त्याच्या खालच्या दुसऱ्या ओळीत १ असेल तर इंच, ४ असेल तर मिलिमीटर. शून्य असेल तर काढणाऱ्यानं काही ठरवलेलंच नाही, म्हणून फोन करायचा.

आम्ही त्या रात्री पोरासाठी स्वतःचं टेम्प्लेट केलं. मिलिमीटर, त्याचे लेयर, त्याच्या शॉपचा टायटल ब्लॉक, त्यात रिव्हिजनची चौकट, आणि प्रिंटवर आपोआप फाइलीचं नाव व छापल्याची तारीख येईल अशी सोय. टेम्प्लेटच्या फाइलीला डीडब्ल्यूटी म्हणतात, ‘सेव्ह ॲज’मध्येच तो प्रकार मिळतो. दोन तास गेले. आता ‘न्यू’ दाबलं की कोरा कागद येत नाही, त्याचा कागद येतो.

फाइल अर्धवट उघडण्याचाही एक प्रकार आहे, आणि मला तो न उघडण्यापेक्षा वाईट वाटतो. ड्रॉइंगमध्ये दुसरं ड्रॉइंग जोडलेलं असतं, त्याला एक्सरेफ म्हणतात. पाठवणाऱ्यानं मुख्य फाइल पाठवली आणि जोडलेली विसरला, तर मधला भाग गायब होतो. नवख्याला वाटतं, ड्रॉइंगच एवढं आहे. ‘ई-ट्रान्समिट’ वापरलं तर सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधून जातात. थ्रीडीमध्ये हे आणखी ठळक. सॉलिडवर्क्समध्ये नवी फाइल करताना तीन प्रकार विचारतात, पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग. असेंब्लीत पार्ट नसतातच, कुठला पार्ट कुठं बसवायचा एवढी यादी असते. नुसती असेंब्ली मेल करणं म्हणजे पाहुण्याला ताटाऐवजी पदार्थांची यादी वाढणं. तिथं ‘पॅक अँड गो’ आहे. आणि समोरच्याचं सॉफ्टवेअरच वेगळं असेल तर स्टेप फाइल मागावी. आकार नीट येतो, तो कसकसा घडवला ते मात्र सहसा येत नाही. फुकटच्या फ्रीकॅडमध्येही ती उघडते.

एक आपल्या भाषेचं दुखणंही सांगून ठेवतो. जुन्या ड्रॉइंगांवर मराठी सूचना युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लिहिलेल्या असतात. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की ‘येथे ग्राइंडिंग करू नये’च्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर गेलेला नसतो, पण वाचता न आलेली सूचना कामगाराच्या काय उपयोगाची? नवीन ड्रॉइंगवर युनिकोडच वापरा, आणि सोबत पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आत बांधून जातो, आणि दोन फाइली समोरासमोर ठेवल्या की तफावतही दिसते. पोराच्या ऑर्डरसोबत पीडीएफ होती, बरं का. त्यानं ती उघडली नव्हती, कारण ‘डीडब्ल्यूजी आहे ना’.

वीज गेली आणि काम बुडालं तर रडू नका. सेव्ह करताना आधीची प्रत बीएके नावानं बाजूला राहते. तिचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती उघडते. आपोआप सेव्ह झालेली प्रत टेंप फोल्डरमध्ये एसव्ही-डॉलर शेपटाची असते. फाइल खरोखर खराब झाली असेल तर ‘रिकव्हर’ आज्ञा देऊन पाहा. मात्र बीएके म्हणजे आधीची प्रत, हे विसरायचं नाही. ती उघडली की शेवटचा बदल हातानं परत करावा लागतो.

पोरानं गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं. नऊ दिवस उशीर झाला, पैसे गेले, ऑर्डर राहिली. नव्या पॅटर्नची मजुरी मामांनी निम्मीच घेतली, पण एका अटीवर. रिव्हिजनच्या चौकटीत पेनानं सही केल्याशिवाय ते आता त्याची प्रिंट हातात घेत नाहीत. शॉपच्या भिंतीवर वही टांगली आहे. तारीख, फाइलीचं पूर्ण नाव, रिव्हिजन, कुणाला दिली, जुनी परत आली का.

परवा त्याचा फोन आला. ‘काका, नवी फाइल आलीय. उघडली.’

‘मग?’

‘कुठली ते बघतोय.’