घराण्यातला नंबर

चष्म्याच्या दुकानातल्या उंच खुर्चीवर आठेक वर्षांची मुलगी बसलेली असते. नाकावर जड, गोल फ्रेम. तिच्यात एकेक भिंग सरकवलं जातं. तिसऱ्या भिंगाला ती तक्त्यावरची खालची ओळ घडाघडा वाचते, आणि मागे उभी असलेली आई सुस्कारा सोडते, 'आमच्या घराण्यातच आहे हो नंबर.'

आईचं म्हणणं खोटं नाही. ब्रिटनमध्ये ५०६ जुळ्या जोड्यांचे डोळे तपासून २००१ साली निष्कर्ष निघाला, की माणसामाणसांच्या मायनस-प्लस नंबरात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८५ टक्के आनुवंशिकतेचा. सिलिंडरच्या नंबरात हा वाटा कमी निघाला. पण 'चष्म्याचं जनुक' म्हणून कुणी एक नाही. पाच लाखांहून अधिक लोकांच्या २०२० मधल्या अभ्यासात नंबराशी नातं असलेल्या जनुकीय जागा साडेचारशेच्या घरात सापडल्या. बहुतेकींचा रेटा अगदी जरासा.

हा रेटा लागतो तो डोळ्याच्या लांबीला. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर, मोठ्या माणसाचा २४. वाढता वाढता डोळा नेमक्या जागी थांबायला हवा. एक मिलिमीटर जास्त वाढला, तर फळ्याची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि मायनस अडीच-तीनचा नंबर लागतो. वाढ कमी पडली तर प्लस. (चाळिशीचं प्रकरण वेगळं, तिथे भिंगाचा लवचिकपणा जातो आणि त्यातून कुणाचीच सुटका नाही.)

आता अलास्काच्या उत्तर टोकावरचं, त्या काळी बॅरो म्हटलं जाणारं गाव पाहा. तिथल्या एस्किमो कुटुंबांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या, एकाकी वस्त्यांत वाढलेल्या १३१ जणांपैकी लांबचं धूसर दिसणारे फक्त दोन. त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक! आजी-आजोबांकडून नातवंडांपर्यंत जनुकं एवढी बदलत नाहीत. बदललं होतं जगणं; मधल्या काळात शाळा आली होती.

सिंगापूर आणि सिडनीतल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये झाली. दोन्हीकडे दहांतल्या सातेक मुलांच्या आईला किंवा वडिलांना मायनस नंबर होता. तरी सिंगापुरात २९ टक्के मुलांना नंबर लागलेला, सिडनीत जेमतेम ३ टक्क्यांना. सिडनीची मुलं पुस्तकंही कमी वाचत नव्हती. ती आठवड्यातून पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास. लख्ख उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, हे त्याचं सध्या सर्वाधिक मानलं जाणारं कारण.

मग ८५ टक्क्यांचं काय? एकाच शेतात, एकाच पाण्यावर वाढलेल्या ज्वारीच्या ताटांत जो उंचीचा फरक दिसतो, तो बहुतांशी बियाण्याचा. पण पावसाने ओढ दिली की सगळं शेतच खुरटतं, बियाणं तेच असून. घराण्याचा आकडा एकाच शेतातला फरक सांगतो. पाऊस किती झाला, ते सांगत नाही. शिवाय आई-वडील मुलाला नुसती जनुकं देत नाहीत, आपल्या सवयीही देतात. दोघांना चष्मा असलेल्या घरात पुस्तकांचं कपाट असतं, अभ्यासाची शिस्त असते, संध्याकाळचा क्लास असतो.

म्हणूनच 'घराण्यात आहे' म्हणून गप्प बसणं खटकतं. ज्या घरात दोघांनाही मायनस नंबर, त्या घरातल्या मुलाला ऊन जास्त हवं. चीनमधल्या ग्वांगझूतल्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं मैदानावर न्यायला सुरुवात झाली. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला; नेहमीचं वेळापत्रक असलेल्या शाळांत ३९.५ टक्के. चाळीस मिनिटं म्हणजे आपल्याकडचा एक पी.टी.चा तास, जो परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. शाळांनी तो आधी परत करावा. आणि शाळेतल्या डोळे तपासणीत मुलाच्या नंबरासोबत आई-बाबांचा नंबरही विचारून लिहून ठेवावा, म्हणजे कुणाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं ते कळेल.