एका चित्रावर दुसरें चित्र

ज्या घरांत एके काळीं फोनो वाजत असे, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तबकडीच्या मधोमध चिकटविलेल्या कागदी चकतीवरचा कुत्रा खात्रीनें आठवत असेल. ओटीवर कुत्रें चढलें तर काठी शोधणाऱ्या आजीबाई त्याच चकतीभोंवतीं फिरणारें नाट्यपद तल्लीन होऊन ऐकत, आणि तो कुत्रा सोवळ्यांत कसा चालतो असा प्रश्न कोणाच्याही मनांत येत नसे! तें चित्र कसें तयार झालें, हा विषय या महिन्यांत घेण्यास कारण आहे. आपल्या वाचककुटुंबांतील कित्येक मुलेंमुली आज चित्रकलेवर उपजीविका करूं पाहत आहेत. गवयी, गायनशाळा, ध्वनिमुद्रणें काढणारे हे त्यांच्याकडून बोधचिन्हें व वेष्टनचित्रें काढवून घेतात. आणि एकाच चित्राच्या दहा दहा दुरुस्त्या सांगतात. घरांतील वडील माणसांना हा व्यवहार अपरिचित असतो, म्हणून ते त्याला खेळ समजतात.

फ्रान्सिस बॅरॉ हा लंडनचा चित्रकार. त्याचा भाऊ ब्रिस्टल येथें नाटकगृहाचे पडदे रंगवीत असे. तो १८८७ सालीं वारला व त्याचा ‘निपर’ नांवाचा कुत्रा फ्रान्सिसकडे आला. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना दांत लावण्याची खोड असल्यामुळें हें नांव पडलें होतें. हा कुत्रा १८९५ मध्यें मेला आणि त्यानंतर तीन वर्षांनीं, १८९८ सालीं, बॅरॉनें त्याचें चित्र काढलें. फोनोग्राफच्या कर्ण्यापुढें मान किंचित् कलती करून बसलेला, आवाज कोठून येतो याचें नवल करणारा निपर! चित्र कोणी घेईना. मासिकवाल्यांनीं म्हटलें कीं, कुत्रा काय करीत आहे हें कोणासच कळणार नाहीं. आणि फोनोग्राफ विकणाऱ्या कंपनीनें, कुत्रीं फोनोग्राफ ऐकत नसतात, असें उत्तर दिलें असें सांगतात.

पुढें एका स्नेह्यानें सुचविलें कीं काळा कर्णा मंद दिसतो, तेथें पितळी काढ. म्हणून १८९९ च्या उन्हाळ्यांत बॅरॉ नमुन्यासाठीं पितळी कर्णा उसना मागावयास लंडनच्या मेडन लेनमधील ग्रामोफोन कंपनीच्या कचेरींत गेला. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें चित्राचा फोटो पाहिला आणि विचारलें कीं, हें विकावयाचें आहे काय, आणि यांतलें यंत्र काढून त्या जागीं आमचें यंत्र घालतां येईल काय? बॅरॉनें मान्य केलें. चित्राचे ५० पौंड व त्याच्या मुद्रणहक्काचे ५० पौंड, असे एकूण १०० पौंड ठरले. फोनोग्राफवर रंग चढला, त्यावर तबकडीचा ग्रामोफोन बसला. मूळ चित्र तिरप्या उजेडांत पाहिलें असतां खालच्या जुन्या यंत्राची आकृति अजून दिसते.

आतां येथें एक मौज आहे, तिकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. फोनोग्राफ हें मेणाच्या नळकांड्यावर आवाज उठविणारें यंत्र. त्यावर घरच्या घरीं आपला आवाज भरतां येई व पुन्हां ऐकतां येई. म्हणून मृत धन्याचा आवाज कर्ण्यांतून यावा व कुत्र्यानें तो ओळखावा, ही कल्पना यथार्थ होती. ग्रामोफोनच्या यंत्रावर मात्र केवळ कारखान्यांत तयार झालेली तबकडी वाजे. घरांतल्या माणसाचा आवाज भरण्याची सोय त्यांत नव्हती. म्हणजे गिऱ्हाइकानें सुचविलेल्या एकाच दुरुस्तीनें ‘धन्याचा आवाज’ या नांवांतला अर्थच निघून गेला! इंग्रज लोक शास्त्रीय काटेकोरपणाविषयीं प्रसिद्ध. पण हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. याचें कारण असें कीं, ओवेननें यंत्र बदलावयास सांगितलें, कुत्र्याला हात लावावयास सांगितलें नाहीं. चित्राचा प्राण त्या कलत्या मानेंत होता, आणि तो राहूं दिला. आपल्या मालाविषयीं गिऱ्हाइकाला कळतें आणि कानांत आवाज शिरल्यावर मुद्रा कशी होते हें चित्रकाराला कळतें. दोघांनीं आपापली मर्यादा ओळखल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

कंपनीनें हें चित्र जानेवारी १९०० पासून जाहिरातींत वापरलें. तबकडीच्या चकतीवर तोंवर पिसाच्या लेखणीनें लिहिणारा बालदेवदूत असे. त्याची जागा कुत्र्यानें घेण्यास १९०९ साल उजाडलें. हिंदुस्थानांत या कंपनीनें पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास केलें. तिची येथील शाखा पुढें स्वतंत्र कंपनी झाली व २००० सालापासून ‘सारेगम’ या नांवानें ओळखली जाते. बॅरॉ १९२४ मध्यें वारला. तत्पूर्वीं त्यानें कंपनीसाठीं त्याच चित्राच्या २४ प्रती स्वहस्तें रंगविल्या. मेलेला कुत्रा चोवीस वेळां काढावयाचा, आणि प्रत्येक वेळीं मान तितकीच कलती ठेवावयाची!

आमच्या घरांतील गोष्ट याच्या उलट आहे. माझी पुतणी चित्रकला शिकून हाच व्यवसाय करते. येथील एका संगीतसंस्थेनें (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) तिला बोधचिन्ह काढावयास सांगितलें. तिनें तंबोऱ्याची नुसती घोडी, तिच्यावरून गेलेल्या चार तारा आणि तारेखालचा सुताचा जीव एवढेंच दाखविलें. मला तें पाहतांच जवारी लागल्यासारखें वाटलें. समितींतील एका सभासदानें म्हटलें, भोपळा दिसत नाहीं. भोपळा आला. दुसऱ्यांस सरस्वती हवी होती. तिसऱ्यांस मोर. कोषाध्यक्षांस केशरी रंग. मग संस्थापकांची पगडी. सात वेळां आराखडा बदलला, आणि शेवटीं, पहिलाच बरा होता, असें कळवून मोबदला एकाच आराखड्याचा दिला. पुतणी म्हणाली, “काका, त्यांना चित्र नको होतें, प्रत्येकाला त्यांत बसावयास जागा हवी होती.”

हें ऐकून मला शाकुंतलाचा सहावा अंक आठवला. दुष्यंत स्वतः काढलेल्या शकुंतलेच्या चित्रांत अजून काय काय काढावयाचें राहिलें तें सांगतो: मालिनीच्या वाळवंटांतील हंसांचें जोडपें, हिमालयाच्या पायथ्याचीं हरिणें, वल्कलें वाळत घातलेला वृक्ष, काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी, कानावरचें शिरीषपुष्प. दुरुस्त्या पुष्कळ आहेत, पण एकही भरतीची नाहीं. प्रत्येकीनें तपोवन अधिक खरें होतें. शेजारीं उभा असलेला विदूषक मात्र मनांत म्हणतो कीं, आतां हा लांब दाढीवाल्या तापसांनीं फळा भरून टाकणार! कालिदासानें दोन्ही प्रकारचीं गिऱ्हाइकें एकाच प्रवेशांत उभीं केलीं आहेत. विष्णुधर्मोत्तरपुराणांत तर मार्कंडेय वज्र राजाला सांगतात कीं, नृत्य जाणल्यावांचून चित्र कळत नाहीं, वाद्यावांचून नृत्य कळत नाहीं, आणि गीतावांचून वाद्य. संगीतसंस्थेच्या सभासदांनीं हा संवाद वाचला असता तर मोर कदाचित् वांचला असता.

व्यवहाराचें थोडक्यांत सांगतों. चित्राची किंमत व त्याच्या हक्काची किंमत या दोन गोष्टी आहेत, हें बॅरॉच्या पन्नास-पन्नास पौंडांवरून दिसतें. आपल्याकडील १९५७ च्या मुद्रणाधिकाराच्या कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, काढवून घेणाराकडे जातो. आणि चित्रकाराकडे असलेला हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर सहीचा लेख लागतो. तेव्हां जें ठरवावयाचें तें काम हातीं घेण्यापूर्वीं कागदावर ठरवावें. आमच्या घरांत यावर बरीच चर्चा झाली. थोरल्या वहिनींचें म्हणणें, चारचौघांत ओळख असलेल्या लोकांना कागद पाठविणें बरें दिसत नाहीं. मला तसें वाटत नाहीं. गवयी बिदागी आधीं ठरवितो, आणि त्यानें कोणाच्या स्नेहांत बाध आलेला मीं पाहिला नाहीं.

पुतणीनें एक पानभर मसुदा केला. दोन आराखडे ठरल्या मोबदल्यांत, पुढील प्रत्येक दुरुस्तीस वेगळा आकार, अर्धी रक्कम आगाऊ, दुरुस्त्या समितीच्या वतीनें एकाच माणसानें लेखी कळवाव्या, आणि हक्काची किंमत निराळी. त्याच संस्थेनें गेल्या महिन्यांत वार्षिक उत्सवाच्या पत्रकासाठीं तिला पुन्हां विचारलें, तेव्हां तिनें हा मसुदा पाठवून दिला. त्याला आज पंधरा दिवस झाले, उत्तर नाहीं. हें खूळ सोडून नोकरी पाहा असें दोन वर्षें सांगत आलेले माझे वडील बंधु, म्हणजे तिचे वडील, आतां रोज संध्याकाळीं चपला काढतांना पहिला प्रश्न तोच विचारतात: “त्यांचें कांहीं आलें का?”