प्लगाला ग्रीस लावावे काय?

इचलकरंजीत यंत्राला तेल घालणे हा गृहस्थधर्माचाच एक भाग मानला जातो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून चार पिढ्या मागाच्या आवाजात वाढल्या, आणि 'अडले तर तेल सोडा, घट्ट बसले तर ग्रीस लावा' हा उपदेश मुलांनी वडिलांच्या तोंडून जन्मभर ऐकला. मागाच्या बाबतीत हा उपदेश यथार्थच आहे. परंतु एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी नेताना त्याचे कारणही बरोबर न्यावे लागते. ते मागे राहिले तर काय होते, याचे एक लहानसे उदाहरण वाचकांपुढे ठेवावे असा आमचा मानस आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात मोटारसायकलचा स्पार्क प्लग बदलण्यावरून काका-पुतण्यांत मतभेद झाला. काकांनी ऐन उमेदीची वर्षे टू-स्ट्रोक मोटारसायकलीवर काढलेली. प्लग बसविताना त्याच्या आट्यांना ग्राफाइटचे ग्रीस लावण्याचा त्यांचा शिरस्ता. पुतण्याची गाडी नवी, फोर-स्ट्रोक. तो म्हणाला, "काका, नव्या प्लगाला काही लावू नये असे प्लग करणारेच सांगतात." काका म्हणाले, "अरे, तीस वर्षे लावत आलो. एकदा तरी प्लग अडकल्याचे तुला आठवते काय?" वाद आमच्याकडे निवाड्यासाठी आला. आमचे मत असे पडले की, दोघांचेही म्हणणे खरे आहे. फक्त दोघांचे प्लग निराळे आहेत.

प्रथम प्लग अडकतो का, ते पाहू. प्लगाचे अंग पोलादाचे असते व ज्या हेडमध्ये तो बसतो ते ॲल्युमिनियमचे असते. उष्णता मिळाली असता ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन दिवसातून अनेकदा तापते व निवते. त्या प्रत्येक वेळी या दोन धातूंची ओढाताण होते. त्यात पावसाचे पाणी प्लगाच्या खाचेत साचले की दोन भिन्न धातू व ओलावा यांच्या संयोगाने गंज धरू लागतो, आणि ज्वलनाची काजळी आट्यांत जाऊन बसते. असा प्लग जोराने काढू गेल्यास पोलादाचे काही बिघडत नाही. ॲल्युमिनियमचे मऊ आटे मात्र त्याच्याबरोबर सोलून निघतात. प्लग शे-दोनशे रुपयांचा, परंतु आटे गेले म्हणजे हेड उतरवून नवे आटे पाडणे, आत पोलादी कॉइल किंवा बुश बसविणे, किंवा हेडच बदलणे, असा खर्च ओढवतो.

आता काकांच्या काळाचा विचार करू. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलाबरोबर तेलही जळत असे. शिवाय शिसेविरहित पेट्रोल देशभर सुरू झाले ते २००० साली. तोवर पेट्रोलात शिसे असे. त्यामुळे प्लगावर कीट फार लवकर साचे. गाडी 'मिस' मारू लागली की प्लग काढा, पॉलिश कागदाने घासा, पुन्हा बसवा, हा क्रम पदोपदी चाले. प्लग पुष्कळदा नुसत्या काळपट पोलादाचे, मुलामा नसलेले असत. इतक्या वेळा आत-बाहेर होणाऱ्या उघड्या पोलादाला थोडे ग्रीस लावणे हा शहाणपणाचाच मार्ग होता.

आजचा प्लग निराळा आहे. त्याच्या आट्यांवर निकेल किंवा जस्ताचा मुलामा कारखान्यातच चढविलेला असतो. तो गंजू देत नाही व प्लग अडकूही देत नाही. ज्या कामासाठी काका ग्रीस लावीत, ते काम मुलामाच करतो. जपानातील एन. जी. के. ही १९३६ साली स्थापन झालेली प्लगांची प्रसिद्ध कंपनी. तिचा स्पष्ट सल्ला आहे की, मुलामा दिलेल्या प्लगांना अँटीसीझ नावाने मिळणारा लेप लावू नये. हा लेप म्हणजे ग्रीसमध्ये तांबे, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट इत्यादींची पूड घालून केलेला मलम होय.

'गरज नसली तरी लावल्याने तोटा काय?' असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर अंकगणितात आहे. पान्याने आपण जो जोर लावतो, त्याच्या १०० भागांपैकी साधारण ९० भाग आट्यांच्या व बैठकीच्या घर्षणातच खर्ची पडतात. प्लगाला ताणून घट्ट धरण्यास अवघे १० भाग उरतात. लेपाने घर्षण एकपंचमांशाने घटले असे धरा. म्हणजे १० भाग ताणासाठी आता ९० ऐवजी ७२ भाग घर्षणास पुरतात; एकूण ८२. परंतु हात तर सवयीने १०० भागच जोर लावणार! मग ताण १० न राहता १२ च्या वर जातो, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. हाताला मात्र काहीच निराळे जाणवत नाही. यातच धोका आहे. अशाने प्लगाचे अंग ताणले जाते, कधी मोडते, कधी हेडचे आटेच ओढले जातात. जे टाळावयाचे म्हणून ग्रीस लावले तेच पदरी पडते. शिवाय लेपाचा अंश प्लगाच्या टोकाशी गेला तर ठिणगी नीट पडत नाही. संस्कृतात 'स्नेह' हा एकच शब्द तेलालाही आहे व मायेलाही. आणि अस्थानी केलेला स्नेह दोन्ही अर्थी सारखाच बाधतो.

मग प्लग बसवावा कसा? इंजिन पूर्ण निवू द्यावे. आपल्या गावात कापसाचा भुरा सर्वत्र उडतो व प्लगाच्या खाचेत धुळीसह चिकटून बसतो. म्हणून प्लग सैल करण्यापूर्वी ती खाच हवेने स्वच्छ करावी, नाहीतर तो कचरा सिलिंडरात पडतो. टोपी वायरला धरून ओढू नये; टोपीलाच धरावे. प्लग सैल होईना तर पान्याच्या दांड्यावर पाय देऊ नये. गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून थांबावे, मग थोडे पुढे, थोडे मागे असे हलके फिरवीत काढावा.

नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. क्रमांकातील 'आर' हे अक्षर गाळलेला प्लग नव्या गाड्यांत घालू नये. ते आतील रोधकाचे चिन्ह असते, आणि त्यावाचून ठिणगीचा उपद्रव गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांस पोहोचतो. टोकांमधील अंतर पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने पाहावे. प्लगाच्या चिनी मातीच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्यावे. आटे तिरके चढू लागले तर नळी बोटांत घसरते व आपण सावध होतो. बोटांनी बसला की पाना लावून अर्धा वेढा. एवढ्याने नव्या प्लगाचा वायसर दबून बैठक पक्की होते. जुनाच प्लग परत बसवावयाचा असेल तर वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून एक बारांश वेढा पुरतो. मापाचा पाना असेल तर उत्तमच. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १० मिलिमीटरच्या प्लगास १० ते १२ न्यूटन-मीटर व १४ मिलिमीटरच्या प्लगास २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर सांगितला आहे. यांपैकी पहिला जोर म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगावी एवढाच. मागाचा बोल्ट आवळणाऱ्या हाताने हे प्रमाण मुद्दाम ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी असेल, प्लग मुलामा नसलेला काळपट पोलादाचा असेल, तर काकांचा शिरस्ता आजही चालेल. लेप नावापुरताच, मधल्या आट्यांवर, टोकाकडील दोन आटे कोरडे ठेवून लावावा आणि आवळण्याचा जोर सुमारे एकतृतीयांशाने कमी करावा. आटे आधीच झिजलेले असतील तर मात्र ग्रीसचा उपयोग नाही. गेलेला धातू ग्रीसने परत येत नसतो.

हा विषय क्षुद्र आहे असे कोणी समजू नये. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचा महापूर आला. पाण्यात बुडालेली मोटारसायकल पुन्हा चालू करावयाची, तर आधी प्लग काढून सिलिंडरातील पाणी बाहेर घालवावे लागते. ज्या घराची रोजी त्या गाडीवर चालते, त्या घरी असल्या वेळी प्लग सरळ निघतो की आटे घेऊन निघतो, यावर पुढच्या महिन्याचा खर्च अवलंबून असतो.

एकत्र कुटुंबात वडीलमाणसांकडून धाकट्यांस अनेक शिरस्ते मिळतात. ते देताना 'आम्ही असेच करीत आलो' एवढ्यावर न थांबता 'आम्ही अशासाठी करीत होतो' हेही सांगितले, तर धाकट्यांस तो शिरस्ता कोठे पाळावा व कोठे सोडावा हे आपोआप कळते. धाकट्यांनीही नवे वाचून आल्यावर जुन्यास हसण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे. कारण कळले म्हणजे वडिलांचा मानही राहतो आणि हेडचे आटेही शाबूत राहतात.