मुहूर्त ठरला, नौका अर्धवट

जुनी शिडाची नौका आज स्वस्तात मिळते, शीड कसे उभारायचे ते मोबाइलवर बघता येते आणि नोकरीला रामराम ठोकून महासागराकडे निघालेल्याला प्रेक्षकही लगेच लाभतात. अमेरिका-युरोपच्या बंदरांतून अशी उतावळी मंडळी निघत आहेत. दोरखंड कुजलेत, सुकाणू खिळखिळे आहे, आधी किनाऱ्यालगत हात बसव, असे कोणी जाणता सांगू लागला की तो रडका ठरतो. पुढे त्यांच्या सुटकेसाठी दुसऱ्यांना जीव धोक्यात घालावा लागतो. हे साहस नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६८ चे. ब्रिटनच्या 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. अनुभवाची अट नव्हती. ३१ ऑक्टोबरपर्यंत निघायचे, एवढेच. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा व्यावसायिक आणि सुटीतला नाविक. त्याची नवी नौका टिनमथ बंदरात आणायला तीन दिवस लागायचे, तिथे तेरा लागले. एवढा इशारा पुरे होता. आदल्या रात्री त्याने पत्नीला सांगितलेही, की नौका धड नाही, माझी तयारी नाही. तरी शेवटच्या दिवशी तो निघाला. पाणी उपसण्याच्या पंपाची नळी मागेच राहिली आणि थोड्याच दिवसांत नौकेत पाणी शिरू लागले.

परत का फिरला नाही? लवकर माघार घेतली तर प्रायोजकाकडून नौका विकत घ्यावी लागेल, असा करार होता. म्हणजे दिवाळे आणि वर नाचक्की. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवत राहिला. तो पाठीवर आहे या समजुतीने स्पर्धेतल्याच नायजेल टेटलीने आपली जर्जर नौका दामटली. ती बुडाली, टेटली कसाबसा वाचला. १० जुलै १९६९ रोजी क्रोहर्स्टची नौका सापडली. आत माणूस नव्हता.

नऊ जण निघाले, एकच पोहोचला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, पण नुसत्या सागवानाने प्रदक्षिणा होत नाही. स्पर्धेआधी ती मुंबईहून इंग्लंडपर्यंत त्यानेच नेली होती. तिची खोड न् खोड त्याला ठाऊक होती. आपले दिलीप दोंदे २००६ मध्ये प्रदक्षिणेसाठी पुढे आले आणि निघाले २००९ मध्ये. मधली वर्षे गोव्यात 'म्हादेई' बांधून घेण्यात आणि तिची परीक्षा पाहण्यात गेली. त्या वर्षांचे व्हिडिओ कोणी बघितले नसते!

इतक्या तयारीनेही समुद्र दया दाखवतोच असे नाही. एक प्रदक्षिणा पूर्ण केलेल्या अभिलाष टॉमींच्या नौकेच्या डोलकाठ्या सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडल्या, पाठ जायबंदी झाली आणि फ्रेंच नौका पोहोचेपर्यंत ते पडून होते. मग कालच शीड हाताळायला शिकलेल्याने काय समजून निघावे?

प्रायोजकांनी माघारीची मुभा करारातच लिहून द्यावी आणि संयोजकांनी अनुभवाच्या अटीत सूट देऊ नये. आणि वाचकहो, तुमच्या ओळखीत कोणी निघण्याची तारीख जाहीर केली असेल, तर शुभेच्छा देण्याआधी त्याला विचारा: याच नौकेवर, किनारा दिसत नसताना, किती रात्री काढल्यास?